अनुसयाबाईंचं लाल बटण

रामकृष्णहरी, मंडळी! बसा, बसा. पुढं सरका. त्या खांबापाशी मोकळी जागा ठेवलीय ती काय देवासाठी? देव उभा राहतो, त्याला बसायला जागा लागत नाही!

आज एक प्रश्न घेऊन आले आहे. साधा आहे. मंडळी, नापास होण्यात कधी पुण्य असतं का?

हसू नका! पोरं हसली तर चालेल, त्यांना अनुभव आहे. मोठ्यांनो, तुम्ही सांगा. परीक्षेला बसलं, सगळं आलं, आणि शेवटचं एकच बोट उचललं नाही म्हणून नापास झालं. असं माणूस अडाणी म्हणायचं की शहाणं? विचार करा. तोवर मी कथा सांगते.

ऐका हं. दुधना नदीच्या काठी लोणटेक नावाचं एक गाव. आणि नदीच्या पल्याड कुरुळं. मध्ये पूल. एसटीनं गेलं तर चहा निवायच्या आत माणूस पोचतं. एवढंच अंतर! हे अंतर ध्यानात ठेवा, कारण पुढं काय होणार आहे माहीत आहे? इथून निघालेला शब्द आभाळात जाणार, कुठल्या कुठल्या देशातल्या यंत्रांना शिवून येणार, आणि उतरणार कुठं? नदीच्या पल्याड! याला म्हणतात प्रगती. घरासमोरच्या देवळात जायला काशीवरून वळसा!

तर लोणटेकच्या शाळेत ढवळेबाई नावाच्या शिक्षिका होत्या. मोठ्या उत्साही. त्यांनी सातवीच्या वर्गाला सांगितलं, "पोरांनो, आजवर घरच्या मोठ्यांनी तुम्हाला शिकवलं. आता तुम्ही त्यांना शिकवायचं. आजी, आजोबा, कुणीही एक म्हातारं माणूस धरायचं आणि त्याला इंटरनेट शिकवायचं. मी घरी येऊन परीक्षा घेईन. आणि परीक्षेच्या वेळी गुरूनं फोनला हात लावायचा नाही!"

झालं! गावभर गुरू झाले. कालपर्यंत ज्यांची नाकं पुसावी लागत होती ते ओसरीवर बसून आजोबांना म्हणायला लागले, "कितीदा सांगायचं? लक्ष कुठंय तुमचं?" आणि आजोबा खाली मान घालून! मंडळी, अहो कलियुग कलियुग म्हणतात ते वाईटच असतं असं नाही. काही हिशेब फार सुंदर फिटतात त्यात.

या वर्गात एक मनस्वी होती. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि आवाज असा की म्हैस ओढ्यावरून परत यावी. तिनं शिष्य म्हणून कुणाला धरलं? सख्ख्या आजीला. अनुसयाबाईंना.

अनुसयाबाई आधी म्हणाल्या, "मला नगं बाई. माझे डोळे गेलेत, बोटं जाड झालीत." पण दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता हळूच विचारतात, "मने, त्या इंटरनेटवर माणूस दिसतं म्हनं?"

"दिसतं की."

"आपण त्याच्याशी बोललं न्हाई तरी?"

आता थांबा इथं. असं कोण विचारतं? ज्याला बोलायचं नाही, पण बघायचं मात्र आहे, तो विचारतो. आहे ना तुमच्यात असं कुणी? मान हलवू नका, बायको शेजारी बसलीय!

तर गोष्ट अशी. अनुसयाबाईंना एक धाकटी बहीण. नाव द्रौपदा. घरात दुर्पी, आणि थोरली अन्शी. ती कुरुळ्यातच नांदलेली, माहेरच्याच गावात, आईच्या शेजारी. बारा वर्षांमागं आई गेली. त्या वेळी अनुसयाबाई लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला. निरोप मिळाला तशी बाई अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. गाडी बदलत, ऊर बडवत कुरुळ्यात पोचली तर काय? आईला नेलं होतं. अंगणात सारवलेली जागा आणि एक दिवा. बस्स.

दुर्पी दारात उभी. ही म्हणाली, "दुर्पे, माझ्यासाठी घटकाभर आईला थांबवता आलं न्हाई तुला?"

आणि दुर्पी काहीच बोलली नाही. एक शब्द नाही!

ही तशीच मागं फिरली. मंडळी, एक तप गेलं. नातवंडांची बारशी झाली, जावळं झाली, लग्नं झाली. पत्रिका जायची, माणूस जायचं नाही. मधे फक्त तो पूल. पूल बिचारा काय करणार? तो जायला असतो, न्यायला नसतो.

म्हणून अनुसयाबाई शिकायला बसल्या. वरून म्हणायच्या "पोरीच्या शाळेसाठी," आणि आतून? आतून एकच. बहिणीचं तोंड बघायचं. केस पिकलेत का, दात आहेत का, एवढं. बोलायचं मात्र नाही हं! मान राखून बघायचं.

शिकवणी सुरू झाली. मनस्वी म्हणाली, "आजी, हा माईक दाब आणि काय पाहिजे ते फोनला विचार."

आजींनी पदर सावरला. फोन दोन्ही हातांत धरला, प्रसादाच्या वाटीसारखा. आणि म्हणाल्या, "बाबा, जेवलास का?"

"आजी! फोनला काय विचारतेस?"

"अगं, एकदम कामाचं कसं बोलायचं? त्यो काय आपला नोकर हाय?"

आणि फोननं काय दाखवलं? जवळपासच्या खानावळी! आजी खूश. म्हणतात, "बघ, न्हाई जेवला. भुकेला हाय बिचारा."

हसताय! पण मला सांगा, आपण सकाळपासून किती जणांना 'जेवलास का' विचारलं? फोनला सोडा. घरातल्या माणसाला? ... बरं, पुढं जाऊ.

मग मनस्वीनं स्टेटस दाखवलं. लोक रोज आपले फोटो लावतात आणि एक दिवस ते तिथं राहतात, ओळखीचे लोक येऊन बघतात. आजींनी बोट सरकवलं, सरकवलं, आणि एकदम थांबल्या. पडद्यावर एक म्हातारी. मांडीवर कोकरू. केस पांढरेशुभ्र.

"ही..." आजींच्या तोंडून एवढंच निघालं.

"कुरुळ्याच्या मावशीआजी ना? त्यांचा नातू लावतो फोटो त्यांच्या फोनवर. बाबांनी त्यांचा नंबर ठेवलाय यात."

आजींनी ते चित्र इतका वेळ धरलं की बोटाखालचा पडदा घामेजला. मग रोज एक नेम झाला. देवपूजा झाली की स्टेटस. कधी कोकरू, कधी भोपळा, कधी मावशीआजी चष्मा लावून. आजी मनात म्हणायच्या, काय सोय आहे! खिडकीतून चोरून बघावं आणि कुणाला पत्ता लागू नये.

मंडळी, पत्ता लागत नाही असं त्यांना वाटत होतं! जो बघतो त्याचं नाव तिकडं उमटतं. ही इकडं पदराआड लपून बघतेय, आणि तिकडं रोज सकाळी दवंडी: अनुसया येऊन गेली हो! अनुसया येऊन गेली!

एक दिवस मनस्वीच बोलली. "आजी, एक गंमत सांगू? त्यांचा नंबर आपल्याकडं आहे, एवढ्यानं त्यांचं स्टेटस दिसत नाही. त्यांनी पण आपला नंबर ठेवावा लागतो."

आजींचा हात पिठात थांबला. "म्हंजी तिनं..."

"ठेवलाय की!"

"मला काय सांगतीस? शिकव तू पुढचं." आणि आजी उठून चुलीशी गेल्या. चुलीत काही नव्हतं, तरी फुंकत बसल्या.

पुढचं काय? व्हिडिओ कॉल. लावायचा, बोलायचं, बंद करायचा. लावणं आलं. बोलणं तर जन्मापासून येत होतं. पण बंद करणं? इथं गाडं अडलं!

"आजी, ते लाल बटण दाब. संपलं."

"मी न्हाई दाबायची."

"का?"

"समोरचं माणूस अजून दिसतंय की! त्याच्या तोंडावर कवाड लावायचं व्हय? पाव्हणा वेशीला वळूस्तोवर आपण दारातनं हलत न्हाई. माझ्या आईनं शिकवलंय. जाणाऱ्यानं 'येते' म्हणायचं, राहणाऱ्यानं दारात उभं राहायचं. तोडायचं न्हाई."

"अगं हे दार नाही, फोन आहे!"

"माणूस तेच हाय ना?"

मनस्वीनं कपाळाला हात लावला. सरावाला आजी नांदेडच्या लेकीला, म्हणजे मनस्वीच्या आत्याला, कॉल लावायच्या. लेक घाईची. बोलणं झालं की तिकडूनच तोडायची. आजींना कधी बटण दाबायची वेळच आली नाही. मनस्वी म्हणाली, परीक्षेतही असंच होईल. कशाला भांडा?

उजाडला परीक्षेचा दिवस. शाळेच्या आधी, स्वयंपाकाच्या वेळेला ढवळेबाई आल्या. चटईवर बसल्या. आजींनी फोन सुरू केला, पास! इंटरनेट लावलं, पास! पावसाचा अंदाज शोधून दाखवला, आधी फोनची ख्यालीखुशाली विचारून, पास! बाई म्हणाल्या, "वा! आता गावाबाहेरच्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावा आणि बंद करून दाखवा."

लेकीला लावला. वाजला, वाजला, वाजला. उचलेना! परत लावला. उचलेना! मनस्वीचं तोंड उतरलं. बाईंना अजून चार घरं करायची होती. बाई म्हणाल्या, "दुसरं कुणी नाही का गावाबाहेर?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आणि मंडळी, जे बारा वर्षांत सोयऱ्यांना जमलं नाही, पंचांना जमलं नाही, ते त्या पाण्यानं केलं. आजी म्हणाल्या, "हाय एक."

मनस्वीचा हात आपोआप फोनकडं गेला. बाई ओरडल्या, "गुरूनं हात लावायचा नाही!"

"नगं लावू," आजी म्हणाल्या. "माझं मी लावते."

कोकराचं चित्र आलं. दाबलं. एक घंटा. दुसरी घंटा पुरी होऊ दिली नाही, तिकडून उचललं! रोज दवंडी ऐकणारी बाई फोनशीच बसलेली असणार, नाही का?

दोघी समोरासमोर. आणि काय बोलल्या? हृदय पिळवटणारं काही? छे! ऐका.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"शाळंचं काम व्हतं. पोरीच्या."

"अस्सं."

"बरं हाय ना?"

"बरं हाय. तुमचं?"

तुमचं! सख्खी बहीण 'तुमचं' म्हणाली. लागलं अनुसयाबाईंना. म्हणाल्या, "बरं हाय. येते मग."

"या."

संपलं! बारा वर्षांचं मौन सुटलं आणि तलाठ्याशी बोलावं तसं बोलून झालं.

बाई म्हणाल्या, "छान. आता लाल बटण."

दुर्पी तिकडून हटेना. ही इकडून हटेना. दोघीही एकाच आईच्या लेकी हो! दोघींना एकच शिकवण. जाणारं वळल्याशिवाय दार लावायचं नाही. आता जाणारं कोण आणि राहणारं कोण, हे ठरवायचं कुणी?

"आजी, बटण!" मनस्वी दात आवळून.

"तिला तोडू दे आधी."

तिकडून बारीक आवाज, "तुम्हीच ठेवा."

बाईंनी घड्याळ बघितलं. उठल्या. "मनस्वी, शेवटचं आलं नाही. नापास करावं लागेल. परत कधीतरी बघू." आणि गेल्या.

मनस्वी फणकारली, "तू मुद्दाम केलंस! आता तूच बंद कर. मी हात लावणार नाही!" दप्तर उचललं आणि धाडधाड शाळेत. गुरू रुसले!

आजी ओशाळल्या. फोनकडं बघवेना. त्यांनी तो मिठाच्या बरणीला टेकवला, तोंड भिंतीकडं करून. म्हणजे तोंडावर दार लावल्याचं पाप नको, आणि बघत बसल्याचा कमीपणाही नको. काय वकिली आहे बघा! मनात म्हणाल्या, एव्हाना तिनं तोडलं असेल. सगळे तोडतात.

आणि तिकडं? तिकडंही हाच विचार. तिनंही फोन कोनाड्यात ठेवला. म्हणजे झालं काय, मंडळी? दोन स्वयंपाकघरांच्या मधली भिंतच पडली की! आणि कुणालाच ठाऊक नाही.

आजींनी पिठल्यासाठी कढई चढवली. तेल घातलं. मोहरी टाकली. तड, तड, तड. आणि बरणीमागून आवाज आला.

दुर्पीच्या सुनेचा. "आत्याबाई, कोण व्हतं?"

"माझी थोरली बहीन."

"त्या तर बोलत न्हाईत ना तुमच्याशी?"

"बोलली की आज. थकलीय गं. हनुवटी तर आईच." मग थोडा वेळ बांगड्या वाजल्या. भांड्यावर भांडं. मग परत, "ती म्हनली व्हती, आईला थांबवता आलं न्हाई का. शोभे, मी तिरडी धरून बसले व्हते. दोन्ही हातांनी. म्हनलं, माझी अन्शी येतीय, तवर न्हेऊ देनार न्हाई. भाऊबंद म्हनले, दिस बुडंल. माझी बोटं एकेक करून सोडवली गं त्यांनी."

"मग सांगितलं का न्हाई त्यांना?"

"काय सांगू? आई थांबली न्हाई, हे तर खरंच हाय. तिचं बघायचं राहिलं ते राहिलंच. मी माझी बोटं दाखवून काय तिला आई दिसनार व्हती?"

...

थांबते जरा. मृदंगबुवा, नको. काही वाजवू नका.

तुम्ही बघा ती बाई. हातात कांद्याची वाटी. कढईसमोर उभी. ज्या बहिणीला एक तप गुन्हेगार धरलं, तिची बोटं एकेक करून सोडवलेली. आणि ही दारातून काय बोलून परत फिरली होती, ते हिला शब्दन् शब्द आठवतंय. मोहरीची तडतड थांबली. तेलातून धूर निघायला लागला.

आणि तिकडून, नकळत कोनाड्याकडं कान लागलेल्या त्या बाईच्या घरातून, जुन्या माहेरच्या आवाजात हाक आली,

"अन्शे! मोहरी तडतडायची थांबली की गं! कांदा टाक, जळंल!"

आणि मंडळी, हिनं टाकला! कांदा चर्रकन टाकला! कोण बोललं, कुठून बोललं, कसं बोललं, काही विचारलं नाही. धाकटी ओरडली, थोरलीनं ऐकलं, जशी लहानपणी ऐकत होती. आणि मग दोघींच्या ध्यानात आलं.

अनुसयाबाईंनी फोन फिरवला. तिकडं दुर्पीनं कोनाड्यातून उचलला. पडद्यात एक कपाळ आणि अर्धा डोळा. इकडं फक्त छत आणि पदर. कुणालाच धड धरता येईना.

"दुर्पे, ऐकलं मी."

"काय ऐकलं?"

"समदं. बोटं दाखव तुझी."

"येडी का काय तू?"

"दाखव म्हनते ना!"

तू! 'तुमचं'चं 'तू' झालं! दुर्पीनं हात पुढं केला. काय दिसणार त्या हातावर? बारा वर्षांनी वळ राहतात का? साधा हात, राखेनं पांढरा झालेला. अनुसयाबाईंनी आपला हात त्या काचेवर ठेवला. आणि रडल्या. मी वर्णन करत नाही. ज्यांना बहीण आहे त्यांनी करून घ्यावं.

दुपारी मनस्वी शाळेतून आली. अजून गाल फुगलेलेच. बघते तर काय? फोन बरणीला टेकलेला, या खेपेला सरळ. समोर ताट. आजी पिठलं-भाकरी खातेय. पडद्यात मावशीआजी भाकरी मोडतेय.

"आजी! सकाळपासून चालूच आहे?"

"गप. दुर्पी जेवतीय."

"अगं, सगळं नेट संपलं असेल!"

"काय संपतंय? आत्ता कुठं चालू झालंय!"

आणि तेवढ्यात फोन खरंच मेला. चार्जिंग संपलं. पडदा काळा. आजी दचकल्या. "मने! गेली की गं ती!"

"गेली नाही आजी. चार्जर लावते, थांब."

पण आजी थांबल्या नाहीत. हात धुतले. खुंटीवरचं चांगलं लुगडं काढलं. मनस्वी चार्जर घेऊन उभी. "कुठं निघालीस?"

"पल्याड."

"अगं फोनवर दिसतेय की ती!"

"दिसतीय म्हनूनच तर," आजी म्हणाल्या, "आता ऱ्हावंना."

गेल्या, मंडळी. एसटीनं गेल्या. इंटरनेट शिकून अनुसयाबाईंनी काय केलं, तर एसटी पकडली! आणि मनस्वी? आमची ती छोटी गुरू दारात उभी राहिली. दप्तर तसंच पाठीवर. आजी वळणाआड जाईपर्यंत हलली नाही. तिला हे कुणी शिकवलं? शाळेत तर नाही. गुण मात्र कापलेलेच राहिले हं. ढवळेबाईंनी दुसऱ्यांदा परीक्षा घेतली तेव्हाही अनुसयाबाईंनी बटण दाबलं नाही. दोन्ही खेपेला नापास. ठार नापास!

आता बोला. त्या नापास होण्यात पुण्य होतं की नव्हतं?

तुम्ही सगळे पास आहात. मला माहीत आहे! तोडण्याची परीक्षा तुम्ही पहिल्या नंबरानं पास झालात. भावाचा नंबर तोडलात, जावेचा तोडलात, मित्राला तर असं तोडलंत की तो कधीच परत लागू नये. एक बोट! शिकायला काय लागतं त्याला?

एरवी कीर्तनाच्या आधी सांगतात, फोन बंद करा. मी आज उलट सांगते. काढा! खिशातून काढा, पदरातून काढा. ज्याचं नाव मघापासून मनात येतंय आणि तुम्ही दाबताय, त्याला लावा. हो, आत्ता. देव थोडा वेळ थांबेल, त्याला कमरेवर हात ठेवायची सवय आहे.

लावा. उचललं नाही तर परत लावा.

त्या तिकडं, निळ्या लुगड्यातल्या मावशी! लागला का? ... लागला? मग उठताय कशाला? बाहेर नका जाऊ. इथंच बसा आणि बोला. आम्ही कान झाकतो. टाळकरी, टाळ खाली ठेवा. सगळे हळू बोला, मनातल्या मनात म्हणा, विठ्ठल, विठ्ठल...

मावशींचं बोलणं होऊ द्या.